गांधीबागेजवळची रविवारची जोडी: एका आईचा अनुभव, पाचपैकी चार तारे

मुलांना दुसऱ्या समाजातल्या मोठ्या माणसाशी जोडून देणाऱ्या या ठिकाणाचं नाव आणि पत्ता मी लिहीत नाही. तिथल्या संयोजक ताईंनीच तशी विनंती केली आहे. मागे कुणीतरी पत्ता व्हॉट्सॲपवर फिरवला, तेव्हा शिकायला येणाऱ्यांपेक्षा जाब विचारायला येणारेच जास्त आले. एवढं सांगते, की नागपुरात गांधीबागेजवळ, अग्रसेन चौकाच्या मेट्रो स्टेशनवरून पायी जाता येईल अशा एका जुन्या समाजभवनाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. रविवारी सकाळी दहा ते साडेबारा आणि बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ. ज्याला गरज आहे त्याला शाळेतल्या मास्तरांकडून किंवा वस्तीतल्या आशाताईंकडून पत्ता मिळतो. मलाही तसाच मिळाला.

ही शिकवणी नाही, हे आधी समजून घ्या. आठवी ते बारावीतल्या मुलाला इथे एक मोठं माणूस मिळतं, एका वर्षासाठी. त्याला मेंटॉर म्हणतात, आणि दोघांची मिळून एक जोडी. ते माणूस मुद्दाम दुसऱ्या वस्तीतलं आणि दुसऱ्या समाजातलं असतं. तांडापेठेतल्या पोराला मोमीनपुऱ्यातले मुसलमान चाचा, मोमीनपुऱ्यातल्या पोरीला इंदोऱ्यातल्या निवृत्त नर्सबाई, इंदोऱ्यातल्या मुलाला जरीपटक्यातले सिंधी दुकानदार. अभ्यास होतो, पण अभ्यासाच्या निमित्ताने बाकीचंच जास्त होतं. फी नाही. चहा आणि झेरॉक्ससाठी महिन्याचे पन्नास रुपये घेतात, तेही कुणाजवळ नसले तर मागत नाहीत.

आमचं घर तांडापेठेत, गोळीबार चौकाकडे. मी साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. हे इतवारीत किराणा ओळीतल्या एका दुकानात हिशेब लिहितात. मुलगा नववीत एकदा नापास झाला आणि तेव्हापासून घरात बोलायचाच बंद झाला. शाळेत जातो म्हणून निघायचा आणि रेल्वे लाइनच्या कडेला पोट्ट्यांसोबत बसून राहायचा. ट्यूशन लावून पाहिली, दोन महिन्यांत सोडली. जून २०२४ मध्ये शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन या जागेबद्दल सांगितलं आणि हेही सांगितलं, की मेंटॉर आपल्यातला नसेल, घरी आधी बोलून घ्या.

घरी बोलले. ह्यांनी खांदे उडवले. सासूबाई मात्र साफ नाही म्हणाल्या. "काहून? आपल्यात माणसं मेली काय?" हे त्यांचे शब्द. आता ज्या बाईने हे म्हटलं ती बाई कित्येक वर्षं गुरुवारी ताजबागेत, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्याला जाते. बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून राजे रघुजीराव भोसल्यांनी १९०८ मध्ये आपल्या वाड्यात आणून ठेवलं, ही गोष्ट तिनेच माझ्या मुलाला लहानपणी सांगितलेली. दर्ग्यावर चादर चढवायला तिला कधी अडचण वाटली नाही. मोमीनपुऱ्यातला जिवंत माणूस आपल्या नातवाच्या शेजारी बसणार म्हटल्यावर मात्र वाटली. नागपुरात असं कितीतरी घरांत आहे. बाबांवर श्रद्धा ठेवायला ओळख लागत नाही, माणसावर भरवसा ठेवायला लागते. तांडापेठ आणि मोमीनपुऱ्यात अंतर ते किती, पण लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली तरी तिकडच्या एकाही घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता.

मी मुलाला घेऊन गेले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

पहिल्या तीन भेटींना पालकाने बसायचं, असा तिथला नियम आहे. आणखीही नियम आहेत आणि ते मला पटले, म्हणून सांगते. भेट खोलीतच, दार उघडं. मेंटॉरची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालेली असते, कागद मागितला तर दाखवतात. पैसे, मोबाइल, कपडे असं काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ आणि सुट्टी, बाकी एक जरी फॉरवर्ड टाकला तरी ग्रुपमधून काढतात. पहिले तीन महिने एकमेकांच्या घरी जायचं नाही, नंतर गेलं तर दोन्ही घरांच्या संमतीने. आणि मेंटॉरने वर्ष पूर्ण करायचं म्हणजे करायचं. त्याचं कारण ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. अमेरिकेत अशा जोड्यांचा अभ्यास झाला, त्यात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधली मुलं आधीपेक्षा जास्त खचलेली दिसली. मला हे ऐकूनच धीर आला. इतके दिवस जो तो माझ्या मुलाला उपदेश करून निघून जात होता.

आमच्या वाट्याला आलेले चाचा अजनीच्या रेल्वे लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वय बासष्ट. पांढरी दाढी, खिशात कायम एक छोटी मोजपट्टी. पहिल्या भेटीत ते माझ्या मुलाशी बोललेच नाहीत म्हटलं तरी चालेल. "बेटा, चाय लेता क्या?" एवढं विचारलं आणि अर्धा तास त्याच्या शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत राहिले, उर्दू पेपरातलं. मला राग आला होता. वाटलं, यासाठी मी दुकान बंद ठेवून आले? दुसऱ्या भेटीतही तसंच. तिसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला आणि मुलासमोर ठेवला.

ते घरटॅक्सचं पत्र होतं, मराठीतलं. चाचा उर्दू शाळेत शिकलेले. नोकरीत हिंदी होती, मराठी बोलतात, पण असल्या पत्रातली मराठी त्यांना वाचता येत नाही. "मेरे कू इसमें का कुछ समझता नहीं. तू पढ़के बता, कितना भरना है और कब तक." माझ्या मुलाने ते पत्र दोनदा वाचलं. 'थकबाकी', 'शास्ती', 'मुदतीत भरणा न केल्यास'. 'शास्ती' म्हणजे दंड, हे त्यालाही कळेना, मग त्याने मला विचारलं. मला विचारलं! किती महिन्यांनी माझ्या पोराने मला स्वतःहून काहीतरी विचारलं होतं. मग त्याने चाचांना वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात रक्कम आणि तारीख लिहून दिली. चाचांनी तो कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि पुढच्या रविवारी भरल्याची पावती आणून दाखवली, साहेबाला दाखवावी तशी.

नंतर कळलं की हाही तिथला नियमच आहे. प्रत्येक भेटीत मुलानेही मेंटॉरचं एक काम करायचं, खरं काम, बनावट नाही. माझ्या मते या जागेची सगळी किमया या एका नियमात आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाने लहानाला द्यायचं आणि लहानाने घेत राहायचं, हेच आपण धरून चालतो. दोन समाजांमध्ये तर ते फारच टोचतं. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने शिकायचं, म्हणजे एक वरचा आणि एक खालचा झालाच. इथे माझ्या मुलाने वर्षभरात चाचांना रेल्वेचं तिकीट मोबाइलवर काढायला शिकवलं, पेन्शनचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून कसा भरतात ते शिकवलं, त्यांच्या नातीच्या मराठीच्या पुस्तकातल्या कवितांचा अर्थ सांगितला. त्याला नापास म्हणून ओळखणारं घर एक होतं, वाचून दाखवणारा म्हणून ओळखणारं आता दुसरं होतं.

गणिताचं सांगते, कारण पालक तेच आधी विचारतात. चाचांना अंकगणिती श्रेढी वगैरे पुस्तकी नावं माहीत नाहीत. ते ट्यूशनवाल्यासारखे प्रकरणं घेत नाहीत. पायथागोरस त्यांनी सुतळीने शिकवला. सुतळीला सारख्या अंतरावर बारा खुणा केल्या, तीन, चार आणि पाच अशा बाजू ताणून धरायला लावल्या, आणि कोपऱ्यात गुण्या लावून दाखवला. बरोबर काटकोन. "वर्कशॉप में इसी पे रोटी खाई बेटा." मुलाने घरी येऊन तोच प्रयोग आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर केला आणि ओटा काटकोनात नाही हे आम्हाला सिद्ध करून दाखवलं. बीजगणितासाठी मात्र दर बुधवारी येणाऱ्या इंजिनीअरिंगच्या एका मुलाकडे चाचांनी स्वतःच त्याला बसवलं. मला येत नाही ते दुसऱ्याकडून शीक, असं सांगणारा शिक्षक त्याला याआधी भेटला नव्हता.

तीन महिन्यांनी चाचांना घरी बोलवायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंना सांगायची हिंमत मला होईना. शेवटी मुलानेच सांगितलं. जेवायला काय करायचं हा खरा प्रश्न होता. आमच्याकडे पाहुणा आला की सावजी मटण ठरलेलं. पण चाचा हलालशिवाय मटण खात नाहीत, आणि हलाल आणायला सासूबाई तयार नाहीत. मी पाटवडी रस्सा केला, सावजी मसाल्याचाच, तर्री वर येईल असा. चाचा घामाघूम होईपर्यंत खात होते. सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नव्हत्या. जेवण झाल्यावर चाचांची नजर माळ्यावरच्या मागाच्या जुन्या फणीवर गेली. सासरे असेपर्यंत घरात माग होता, लुगडी विणली जायची. माग विकला, फणी तेवढी राहिली. चाचा म्हणाले, हमारे दादा भी बुनते थे, आझमगडकडून आलेले. मग मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला त्यांच्याकडे काय म्हणायचे ते त्यांनी सांगितलं, ढरकी. आतून आवाज आला, "ढरकी नाही जी, धोटा." आणि सासूबाई बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या. कांड्या कोण भरायचं, सुताला खळ कशाची लावायची, पावसाळ्यात सूत कसं तुटायचं, यावर दोघं तासभर बोलत होती. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये बंद पडली, आणि त्या मधल्या काळात हातमागवाल्यांचं काय झालं हे मी पुस्तकात वाचलं होतं. एकाच खोलीत दोन बाजूंनी मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कोष्ट्याच्या घरी आणि मोमीनाच्या, म्हणजे मुसलमान विणकराच्या घरी कर्ज एकाच सुताच्या व्यापाऱ्याचं असायचं, हे सासूबाईंच्या तोंडून.

म्हणून सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. आता मार्च २०२५चं सांगते.

दहावीची परीक्षा सुरू होती आणि रमजान २ मार्चला लागला होता. चाचा रोजा ठेवून दुपारी येत. पाणीसुद्धा न घेता दोन-दोन तास बसत. मुलगाही मग त्यांच्यासमोर पाण्याची बाटली काढेना. चाचांनी रागावून ती त्याच्या हातात दिली, "रोजा मेरा है, तेरा नहीं." शेवटचा पेपर भूगोलाचा, १७ मार्चला. त्याच संध्याकाळी महालात दंगल सुरू झाली आणि रात्री हंसापुरीपर्यंत पोचली. गाड्या जळल्या, घरांवर दगड पडले. पाचपावली ठाण्याच्या हद्दीत आम्ही, तहसील ठाण्याच्या हद्दीत चाचा, दोन्हीकडे संचारबंदी.

त्या रात्री चाचांचा फोन आला आणि मी उचलला नाही.

हे मी लिहू की नको असा विचार केला, पण लिहायलाच हवं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा भलभलते व्हिडिओ येत होते. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि माझ्या पोटात भीतीचा गोळा आला. आठ महिन्यांची ज्याची ओळख, जो माणूस माझ्या घरी जेवला, त्याच्या नावाची मला भीती वाटली. पुन्हा फोन वाजला तेव्हा मुलाने माझ्या हातातून घेतला. चाचांनी विचारलं ते एवढंच: घरी आहेस ना, बाप घरी पोचला का, गॅलरीत जाऊ नकोस. आणि मग, भूगोलाचा पेपर कसा गेला. पंधरा मिनिटं ते पेपरावरच बोलत होते. बाहेर सायरन वाजत होते आणि माझा मुलगा फोनवर नकाशात काय भरलं ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. नातीसाठी दूध आहे का, विचारलं. त्यांनी सांगितलं, शेजारून मिळालं. मग मी म्हटलं, काल मी फोन उचलला नाही. ते म्हणाले, "मालूम है. पहले दिन मेरी बीवी भी बोली थी, मत कर." पुढे दोघंही काही बोललो नाही. त्यानंतर संचारबंदी पूर्ण उठेपर्यंत, म्हणजे २३ मार्चपर्यंत, रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. बुधवारच्या भेटीची वेळ त्यांनी रोजची करून टाकली होती.

संयोजक ताई पालकसभेत कधीकधी अभ्यासाच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या दोन मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं, की दोन गट नुसते जवळ आणून पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी, आणि वरून कुणाचा तरी पाठिंबा हवा. मला यातला प्रत्येक शब्द घरटॅक्सच्या त्या पत्रात दिसतो. दुसरी गोष्ट भिवंडीची. तीही मागवाल्यांचीच वस्ती. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे मोठ्या दंगली झाल्या. मग तिथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची माणसं आणि ठाण्यातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले, गटार-नळ-भांडणं असल्या साध्या गोष्टींवर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ताईंचं म्हणणं असं, की शांततेच्या काळात ज्यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबर असतात, त्यांनाच वाईट रात्री फोन करता येतो. माझ्या अनुभवाने मी त्यात एक जोडते. नंबर असला तरी पहिल्या वेळी हात थांबतो. म्हणून एक वर्ष कमी आहे. जोडी निदान दोन वर्षांची करा, असं मी लेखी दिलं आहे.

आता एक तारा का कापला ते.

मुलींसाठी इथली सोय अपुरी आहे. स्त्री मेंटॉर मोजक्या, त्यातल्या बहुतेक रविवारीच येतात. बुधवारी आठला सुटल्यावर मुलींना घरी सोडायची काहीही व्यवस्था नाही, त्यामुळे बुधवारच्या भेटीला मुली जवळजवळ नसतातच. वरच्या मजल्यावर एकच संडास आणि त्याची कडी तुटलेली. यावर मी सप्टेंबरपासून बोलते आहे.

मेंटॉर सोडून गेला तर काय करायचं, याचीही तयारी नाही. वर्षभराचा नियम छान आहे, पण आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या ताईला पुण्यात नोकरी लागली आणि ती दोन महिन्यांतच गेली. निरोपाची भेटसुद्धा झाली नाही. दुसरी ताई मिळायला पाच आठवडे लागले आणि तोपर्यंत मुलीने येणं सोडलं. पहिल्या दिवशी जे ताईंनीच आम्हाला समजावलं होतं, तेच घडलं. प्रत्येक मुलामागे आधीपासून ओळखीचं असं दुसरं एक माणूस ठेवणं फार अवघड नाही.

पालकसभा वर्षातून दोनदाच होते, आणि ती चालते हिंदीत. हिंदी सगळ्यांना कळते, पण सासूबाईंच्या वयाच्या बायका हिंदीत मत मांडत नाहीत, आणि घरातला 'नाही' तर त्यांच्याकडूनच येतो. मार्चनंतर तीन रविवार जागा बंद होती आणि त्या काळात पालकांना मिळून एकच मेसेज आला. तेव्हाच आम्ही एकमेकांना भेटायला हवं होतं. हे मी ताईंना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि एप्रिलच्या सभेत बायकांचे वेगळे गट करून मराठीत, हिंदीत बसवलं. तेवढं सुधारलं.

निकालाचं विचाराल. १३ मेला लागला. गणितात सगळे मिळून पंचावन्नच्या वर गेला, आम्हाला पुरे. त्याला आयटीआयला जायचं होतं, मला अकरावी सायन्स हवं होतं. मी चाचांना म्हटलं, तुम्ही समजवा, तुमचं ऐकतो. त्यांनी नकार दिला. "घर का फैसला घर में." फक्त दोघांना सोबत घेऊन एका कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे नेलं, तिथे इलेक्ट्रिशियन काय काम करतो, किती कमावतो, हात कसे भाजतात, सगळं पाहू दिलं. मुलगा आता इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे.

कुणी जावं? ज्यांना तीन महिन्यांत टक्के वाढवून हवेत त्यांनी ट्यूशन लावावी. ज्यांचं मूल गप्प झालंय, त्यांनी जरूर जावं. पहिल्या दोन भेटीत काहीच घडत नाही असं वाटेल, तरी उठून येऊ नका. घरात म्हातारं माणूस विरोधात असेल तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या कामाधंद्याचं काहीतरी मेंटॉरच्या नजरेला पडेल असं घरात ठेवा. आणि जेवायला बोलावलं तर आधी विचारून घ्या, ते काय खातात आणि काय नाही. विचारण्यात अपमान नाही, न विचारता वाढण्यात आहे.

नवीन जोड्या जूनमध्ये लागतात, मधे कुणी आलं तर जागा असेल तसं पाहतात. येत्या रविवारी मुलींच्या पालकांची सभा आहे. मी दोन मागण्या लिहून नेणार आहे: बुधवारची वेळ साडेचार ते सहा करा, आणि संडासाची कडी. कडी मी स्वतःच विकत घेतली आहे, बसवायला मुलगा आणि चाचा येणार आहेत.